एरर नाणं घेण्यापूर्वी: चूक टांकसाळीतली की बाहेरची?

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी मला एखाद्या विचित्र नाण्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "हे एरर आहे का?" मी त्यांना उलट विचारतो, "नाणं बनताना नेमक्या कोणत्या टप्प्यावर असं झालं असेल?" बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही, आणि तिथेच खरेदी थांबवायला हवी. टांकसाळीत घडू शकते तीच एरर. नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर त्याला जे काही होतं, मग ते कितीही अजब दिसो, ते फक्त नुकसान. ही दोन्ही नाणी बाजारात शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि दोन्हींवर "दुर्मिळ" अशी एकच चिठ्ठी असते.

म्हणून हा लेख एररच्या यादीपासून सुरू होत नाही. सुरुवात यंत्रापासून.

नाणं कसं बनतं, ते आधी डोळ्यांसमोर आणा

धातूची लांब पट्टी असते. छिद्रं पाडणारं यंत्र तिच्यातून गोल चकत्या कापून काढतं. या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, वाळवतात. मग प्रत्येक चकती एका अरुंद खाचेतून फिरवत नेतात. तिथे बाजूने दाब बसून तिची किनार किंचित उचलली जाते. शेवटी ती छापयंत्रात जाते. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि चकतीभोवती कडं असतं. त्या कड्याला कॉलर म्हणतात. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो, धातू पसरून दोन्ही ठशांच्या खाचांत शिरतो, बाजूने कॉलर त्याला अडवते, आणि नाणं तयार होतं. काठावरचे दाते बहुतेक वेळा या कॉलरमुळेच उमटतात.

एरर जन्माला येण्याच्या जागा तीनच: चकती, ठसा आणि छपाईचा तो क्षण. विक्रेता सांगेल ती प्रत्येक चूक या तिन्हींपैकी कुठे बसते, हे स्वतःशी बोलून पाहा. "छपाईच्या वेळी कॉलर वर आली नाही, म्हणून धातू बाहेर पसरला" असं एक सरळ वाक्य तयार होत असेल तर पुढे जा. "काहीतरी बिघाड झाला असेल" एवढंच सुचत असेल तर थांबा.

जवळ काय काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, व्यास आणि जाडी मोजायला डिजिटल कॅलिपर, छोटं पण जोरदार चुंबक आणि एका बाजूने प्रकाश पाडता येईल असा दिवा. सूक्ष्मदर्शकाची घाई करू नका. पन्नास पट मोठं केलं की प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो आणि नवखा माणूस त्यात हव्या त्या आकृत्या पाहू लागतो. भिंगातून दिसत नाही ती एरर सहसा बाजारातही फारशी कुणाला नको असते.

यांपेक्षाही महत्त्वाची वस्तू फुकट मिळते: त्याच प्रकारचं, जमल्यास त्याच वर्षाचं एक साधं नाणं. संशयित नाणं कधीही एकटं पाहू नका. दोन्ही शेजारी ठेवा, एकाच दिव्याखाली, एकाच कोनात.

पहिली पायरी: हे नाणं मुळातच असं असतं का?

बरीच मंडळी इथेच फसतात, कारण त्यांना साधं नाणं नीट माहीत नसतं. अस्सल, निर्दोष, रोजचं नाणं एरर म्हणून विकलं जातं.

ब्रिटनच्या दोन पेन्सच्या नाण्याचं उदाहरण घ्या. १९७१ पासून १९८१ पर्यंत त्यावर "न्यू पेन्स" असे शब्द होते. १९८२ पासून ते बदलून "टू पेन्स" झाले. १९८३ मध्ये विशेष संचांसाठी काढलेल्या थोड्या नाण्यांवर चुकून जुनेच शब्द राहिले. ती चूक खरी आणि मान्य झालेली आहे. पण तिची कीर्ती ऐकून लोक १९७१ किंवा १९८० ची "न्यू पेन्स"वाली नाणी एरर म्हणून मांडतात. त्या वर्षांत शब्द तेच असायला हवे होते! वर्ष आणि शब्द एकत्र वाचले की प्रश्न दहा सेकंदांत सुटतो.

टांकसाळीच्या खुणेचंही तसंच. "टांकसाळीची खूण नाही, म्हणून एरर" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. कोलकात्याच्या टांकसाळीची नाणी खुणेविनाच ओळखली जातात. फिलाडेल्फियाची टांकसाळही अनेक दशकं आपल्या बहुतेक नाण्यांवर खूण घालत नसे. तिथे खूण नसणं हीच ओळख.

मग येतो फिरलेला ठसा, म्हणजे एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूच्या मानाने तिरकं किंवा उलटं बसणं. नाणं वरून खाली उलटवा. अमेरिकी नाण्यांत असं उलटवलं की मागची बाजू सरळ दिसते. ब्रिटिश आणि युरोच्या नाण्यांत ते पान उलटल्यासारखं बाजूने फिरवावं लागतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. एका देशाच्या सवयीने दुसऱ्या देशाचं नाणं पाहिलं की उगाच "१८० अंशांत फिरलेला ठसा" सापडतो. त्याच मालिकेचं साधं नाणं शेजारी असेल तर ही चूक होतच नाही. खरोखर फिरलेले ठसेही असतात, पण पाच-दहा अंशांचा फरक कुणी मोजत बसत नाही. फरक ठळक असेल तरच त्याला अर्थ आहे.

काठावरच्या अक्षरांबद्दल एक सांगायलाच हवं. २००७ पासून आलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या डॉलर नाण्यांवर काठावर अक्षरं आहेत. ती छपाईनंतर वेगळ्या यंत्रात उमटवली जातात. त्या यंत्रात नाणं कोणत्या बाजूने वर पडेल हे ठरलेलं नसतं, त्यामुळे दर्शनी बाजू वर धरली की काही नाण्यांची अक्षरं सुलटी वाचता येतात आणि काहींची उलटी. दोन्ही नेहमीची. "काठावर उलटी अक्षरं" ही एरर नाही.

दुसरी पायरी: वजन, व्यास, चुंबक

मोजमाप भावनेला बळी पडत नाही, म्हणून ते लवकर उरकून घ्या. प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास आणि धातू टांकसाळीने जाहीर केलेले असतात. वजनात थोडा फरक चालतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या जुन्या ३.११ ग्रॅमच्या सेंटला ०.१३ ग्रॅम इकडे-तिकडे मान्य होतं. तेवढ्या फरकावरून कथा रचू नका.

चुकीच्या चकतीवर छापलेलं नाणं म्हणून काही दाखवलं जात असेल तर त्याचं वजन दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या चकतीशी जुळायलाच हवं. टांकसाळीत हवेतून चकती येत नाही. मोठ्या नाण्याचा छाप छोट्या नाण्याच्या चकतीवर पडला असेल तर वजन त्या छोट्या नाण्याचं असेल, आणि छापाच्या कडेचा भाग चकतीवर न मावल्यामुळे कापला गेलेला दिसेल. वजन कशाशीच जुळत नाही, सगळी अक्षरं जागच्या जागी पण एकसारखी बारीक आणि झिजलेली, पृष्ठभाग मंद, असं असेल तर ते नाणं आम्लात बुडवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आम्ल सगळीकडून सारखंच खातं, काठही सोडत नाही.

या पायरीचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९४३ चा अमेरिकी सेंट. युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. आदल्या वर्षीच्या काही कांस्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांवर १९४३ छापलं गेलं. असे सेंट मोजकेच आहेत, म्हणून त्यांच्या नकला अमाप. सोपी नक्कल म्हणजे पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा. तो दिसायला तांबडा, पण चुंबक लावलं की चिकटतो, आणि वजन ३.११ नाही तर २.७० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याहून चतुर नक्कल १९४८ च्या सेंटमधला ८ खरवडून त्याचा ३ केलेली. धातू कांस्यच, त्यामुळे चुंबक गप्प, वजनही बरोबर. तिथे भिंगच कामी येतं: अस्सल १९४३ मधल्या ३ ची शेपटी लांब, खाली उतरलेली असते, तर ८ मधून कापलेला ३ आखूड राहतो आणि त्याच्या डावीकडे खरवडल्याच्या खुणा दिसतात. एकाच चाचणीवर कधी विसंबू नये, हे मला या नाण्याने शिकवलं.

तिसरी पायरी: उंच की खोल?

बाजूने प्रकाश पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. संशयित रेघ किंवा डाग पृष्ठभागाच्या वर आला आहे की आत गेला आहे?

ठशाला तडा गेला की ठशात खाच पडते. छापताना धातू त्या खाचेत शिरतो. म्हणून ठशाचा तडा नाण्यावर उंच रेघ म्हणून दिसतो. ओरखडा मात्र नाण्याला बसलेला असतो, म्हणून तो खोल. "ठशाचा तडा" म्हणून दाखवलेली रेघ खोल असेल तर विषय संपला.

ठशाचा काठाजवळचा तुकडाच निखळला तर त्या जागी नाण्यावर धातूचा गुळगुळीत, आकारहीन फुगवटा येतो. संग्राहक त्याला इंग्रजी शब्दाने "कड" (cud) म्हणतात. आता थोडं डोकं चालवा: तेवढा जास्तीचा धातू कुठून आला? तो त्याच जागेतून वर ओढला गेला, म्हणून नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर त्या फुगवट्याच्या पाठीमागे, छाप फिका पडलेला असायला हवा. पाठीमागचा छाप ठणठणीत असेल तर फुगवटा नंतर चिकटवलेला किंवा झाळलेला असू शकतो. टाचणीच्या टोकाने नाणं खरवडू नका, फक्त फुगवट्याच्या कडेला भिंगातून पाहा. चिकटवलेल्या वस्तूखाली शिवण दिसते.

कधी चकती यायच्या आधीच दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात. मग एका ठशाची पुसट आकृती दुसऱ्यावर उमटते आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर मूळ चित्रामागे दुसऱ्या बाजूच्या आकृतीची भुतासारखी रेषा दिसते. दुसऱ्या बाजूचा फोटो आरशासारखा उलटा करून वर ठेवून पाहा. रेषा जुळल्या तर खरं.

चौथी पायरी: दुहेरी अक्षरं

सगळ्यात जास्त फसवणूक आणि सगळ्यात जास्त स्वतःची समजूत घालणं इथे होतं, त्यामुळे इथे वेळ द्या.

ठसा बनवताना मूळ आकृतीचा साचा पोलादावर दाबतात. पूर्वी एका दाबात आकृती पुरेशी खोल उमटत नसे, म्हणून ठसा पुन्हा तापवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरलेला बसला की ठशावर आकृती दोनदा कोरली जाते. हा डबल डाय. चूक ठशातच असल्यामुळे त्या ठशाने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर ती अगदी सारखी उमटते. १९५५ चा अमेरिकी सेंट याचं प्रसिद्ध उदाहरण: वर्षाचे आकडे आणि वरची अक्षरं भिंगाशिवायही स्पष्ट दुहेरी दिसतात.

खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं पूर्ण उंचीची आणि गोलसर असतात. अक्षराची एकूण रुंदी वाढलेली असते, कारण एकावर एक दोन अक्षरं आहेत. टोकांना खाच पडून ती दुभंगलेली दिसतात.

याच्या उलट आहे यंत्राची थरथर. छाप पडून गेल्यावर ठसा किंचित हलला किंवा उसळला की नुकत्याच उमटलेल्या अक्षराची बाजू तो चेपून टाकतो. तिथे खालच्या पातळीवर सपाट, चमकदार पायरी तयार होते, जणू अक्षराला कपाटाची फळी लावली आहे. इथे मूळ अक्षर उलट बारीक होतं, कारण त्याचाच धातू चेपला गेला. ही थरथर टांकसाळीतच होते हे खरं, पण ती इतक्या नाण्यांवर असते आणि प्रत्येकावर इतकी वेगळी असते की तिला संग्राहक वेगळी किंमत देत नाहीत. नवख्यांना विकल्या जाणाऱ्या "डबल डाय" नाण्यांत ही थरथरच सर्वांत जास्त आढळते.

तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. हजारो नाणी छापून ठसा थकला की अक्षरांच्या कडा सुजतात आणि धूसर सावली पडते. १९५५ च्याच काही सेंटवर शेवटच्या ५ ला अशी सावली आहे. लोक ते नाणं "गरिबाचा डबल डाय" म्हणून ओळखतात, पण तो डबल डाय नाही, ठशाची झीज आहे. एकाच वर्षाचं नाणं, दिसायला दोन्ही दुहेरी, आणि मूल्यात जमीन-अस्मानाचा फरक. हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून दहा-पंधरा मिनिटं पाहिलेत तर पुस्तकी व्याख्येपेक्षा जास्त शिकाल.

व्यवहारात उपयोगी पडणारी गोष्ट अशी: डबल डाय एका ठशाचा असल्यामुळे नामांकित प्रकारांची चित्रं, त्यांच्या खाचा आणि तड्यांसह नोंदलेली आहेत. विक्रेता "डबल डाय" म्हणत असेल तर कोणता प्रकार, हे विचारा. त्या नोंदलेल्या चित्राशी प्रत्येक खाच जुळायला हवी, नुसतं "तसंच काहीसं" चालत नाही. १९५५ च्या सेंटची ठसा बनवून छापलेली नक्कल नाणीही फिरत असतात, म्हणून महागाचं असेल तर पुढे सांगितलेलं प्रमाणपत्र सोडू नका.

पाचवी पायरी: आकार बिघडलेली नाणी

आधी कापलेली चकती. छिद्र पाडणाऱ्या यंत्राखाली पट्टी नीट सरकली नाही की नवी चकती आधीच्या छिद्रावर अंशतः येते आणि एका बाजूने चंद्रकोरीसारखा घास कमी राहतो. घरी कात्रीने किंवा कानसने असं नाणं बनवणं सोपं आहे, पण एक गोष्ट बनवता येत नाही. चकतीची किनार उचलताना समोरासमोर दाब लागतो. एका बाजूला धातूच नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो आणि तिथली किनार फिकी किंवा गायब होते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. घास जिथे आहे त्याच्या थेट समोर पाहा. चांगल्या वक्र घासांपैकी अनेकांना ही खूण असते. घासालगतची अक्षरंही पाहा: खऱ्या नाण्यात ती घासाकडे किंचित ताणलेली किंवा पुसट होत गेलेली असतात, कारण छाप पडताना तिथला धातू मोकळ्या जागेकडे पळाला. कात्रीने कापलेल्या नाण्यात अक्षरं जिथे कापली तिथे धारदारपणे तुटतात.

सरकलेला छाप ओळखायला तुलनेने सोपा. चकती मध्यावर नसताना छाप पडला की एक बाजू कोरी राहते, आणि दोन्ही बाजूंना तो सारखाच सरकलेला असतो. नाणं पूर्ण गोल आहे, किनारही आहे, पण फक्त एकाच बाजूचा छाप थोडा सरकला आहे, तर तो नुसता तिरका बसलेला ठसा. एररच, पण फार किरकोळ. खऱ्या सरकलेल्या छापात वर्ष दिसत असेल तर संग्राहकांना जास्त आवडतं.

कॉलरविना छापलेलं नाणं म्हणजे ब्रॉडस्ट्राइक. धातूला बाजूने अडवणारं कोणी नसल्यामुळे तो पसरतो: नाणं नेहमीपेक्षा मोठं, किनार पसरट, काठावर दाते नाहीत, वजन मात्र तंतोतंत. नक्कल करणारे साधं नाणं चामड्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकतात. तेही मोठं होतं, वजनही तेच राहतं! फरक अक्षरांत. ब्रॉडस्ट्राइकमध्ये छाप ताजा आणि टोकदार असतो, कारण तो मोकळ्या चकतीवर पहिल्यांदाच पडला. ठोकलेल्या नाण्यात अक्षरं चपटी, फुगलेली, जणू रोडरोलर फिरून गेला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः असं ठोकलेलं नाणं ब्रॉडस्ट्राइक समजून घेतलं होतं. काटा जवळ होता, वजन बरोबर भरलं, म्हणून मन निवांत झालं. अक्षरांकडे पाहायचं राहून गेलं. ते नाणं मी अजून ठेवलं आहे आणि नवीन माणूस शिकायला आला की आधी तेच त्याच्या हातात देतो.

सहावी पायरी: ब्रोकेज

छापलेलं नाणं कधी बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती येते तेव्हा तिच्या एका बाजूला ठसा नाही, ते चिकटलेलं नाणंच भेटतं. मग तिच्यावर खोल, आरशातल्यासारखी उलटी आकृती उमटते. हे ब्रोकेज, आणि अतिशय देखणी एरर.

आता हे चित्र मनात नीट मांडा. चिकटलेलं नाणं ज्या बाजूने ठशाला चिकटलं आहे ती बाजू झाकली गेली. नवीन चकतीला भेटते ती त्याची दुसरी बाजू. आणि चकतीच्या खालून दुसरा ठसा तीच दुसरी बाजू नेहमीसारखी छापतो. म्हणजे पूर्ण ब्रोकेजच्या दोन्ही अंगांना एकच आकृती असते: एकीकडे नेहमीसारखी उंच आणि सुलटी, दुसरीकडे खोल आणि उलटी. छापा आणि खोल छापा, किंवा काटा आणि खोल काटा.

नकली ब्रोकेज शेगड्यात, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसमध्ये, बनतं. दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळली की दोन्हींवर उलटी खोल अक्षरं उमटतात. पण त्या बाजूला आधीचा छाप होताच. तो पूर्ण पुसला जात नाही. खोल अक्षरांच्या मधून मूळ चेहरा, मूळ आकडे चपटे होऊन डोकावत राहतात. एकाच बाजूला उंच जुना छाप आणि त्यावर खोल उलटी अक्षरं दिसली की शेगड्याचं काम समजा. दुहेरी छापाच्या काही खऱ्या एररमध्येही दोन आकृत्या मिसळतात, म्हणून इथे दुसरी बाजू निर्णायक ठरते: खऱ्या दुसऱ्या छापाची खूण दुसऱ्या बाजूलाही, तेवढ्याच अंतरावर सापडते.

सातवी पायरी: काहीतरी गायब आहे

ठशाच्या खाचेत ग्रीस आणि धूळ साचली की धातू आत शिरत नाही आणि अक्षर उमटत नाही. खऱ्या नाण्यात अक्षर हळूहळू विरत जातं, शेजारचीही थोडी फिकी होतात आणि पृष्ठभागाची मूळ चमक अखंड राहते. नाणं तिरकं करून फिरवा: प्रकाशाची पट्टी त्या जागेवरून न अडखळता सरकते. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी चमक तुटते, बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि जागा किंचित खोलगट लागते. ग्रीसच्या नाण्यांना फार मोल नसतं, तेव्हा साध्या नाण्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

गायब भागाची सर्वांत गाजलेली गोष्ट १९३७ च्या डेन्व्हरच्या पाच सेंट नाण्याची, ज्यावरच्या गव्याला तीनच पाय आहेत. ठशावरचे ओरखडे घालवताना तो जास्त घासला गेला आणि पुढचा एक पाय पुसला गेला. लोक चार पायांच्या गव्याचा पाय खरवडून तीन पायांचा करतात. पण ठसा घासला तेव्हा फक्त पायच बदलला नाही. गव्याच्या पोटाखाली उंच ठिपक्यांची एक ओळ आली आणि मागचा पायही झिजल्यासारखा दिसू लागला. पाय खरवडणाऱ्याला तो ठिपक्यांचा पट्टा आणता येत नाही. एखादी प्रसिद्ध एरर घेताना तिच्या अशा दुय्यम खुणा आधी पाठ करा आणि मगच मुख्य खुणेकडे पाहा.

काठावर अक्षरं नसलेले २००७ चे वॉशिंग्टन डॉलर खरे आहेत. ते अक्षरांच्या यंत्रात गेलेच नाहीत. नकली नाण्याचा काठ कानसलेला असतो. व्यास २६.५ मिलिमीटर आणि वजन ८.१ ग्रॅम भरतं का पाहा, आणि काठावर भिंगातून आडव्या रेघा शोधा.

याच वाटेने वर्ष नसलेलं ब्रिटनचं वीस पेन्सचं नाणंही समजून घ्या. २००८ मध्ये नवं चित्र आलं आणि वर्ष मागच्या बाजूवरून दर्शनी बाजूवर गेलं. काही नाण्यांवर नव्या मागच्या बाजूसोबत जुना दर्शनी ठसा बसला, त्यामुळे वर्ष कुठेच नाही. दोन न जुळणाऱ्या ठशांच्या अशा नाण्याला म्यूल, म्हणजे खेचर, म्हणतात. इथे खरवडण्याची शंका असेल तर दोन्ही चित्रं कोणत्या काळातली आहेत हे तपासा. जुनी दर्शनी आणि नवी मागची, ही जोडी खरवडून बनत नाही.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं मात्र जवळजवळ नेहमी जादूगाराचं असतं. एक नाणं आतून पोखरतात आणि दुसरं घासून त्यात बसवतात. किनारीच्या आतल्या अंगाला गोल फिरणारी बारीक शिवण शोधा.

बाहेर होणारी नेहमीची नुकसानं

ही थोडक्यात, कारण एकदा पाहिली की डोळ्यांत बसतात. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकलेल्या नाण्याची किनार आत वळून जाड होते. नाणी गुंडाळणाऱ्या यंत्राने पडलेला गोल ओरखडा कितीही सुबक असला तरी ओरखडाच. तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या नाण्यांवर, जसे १९८२ नंतरचे अमेरिकी सेंट, मुलाम्याखाली फोड येतात. ते टांकसाळीत सुरू झाले असले तरी त्यांना कोणी विचारत नाही. सोनेरी, काळी, निळी नाणी ही मुलामा, उष्णता किंवा रसायनांची करामत. दोन धातूंच्या नाण्याचा मधला गाभा निखळला असेल तर कडेच्या वळ्याच्या आतल्या काठावर हत्याराच्या खुणा पाहा. गाभा ठोकून बाहेर काढता येतो.

पैसे देण्यापूर्वी

दुरून खरेदी करत असाल तर चार फोटो मागा: दर्शनी बाजू, मागची बाजू, काठ, आणि त्याच कोनात, शेजारी साधं नाणं ठेवून काढलेला एक. शिवाय काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, आकडा दिसेल असा. प्रामाणिक विक्रेत्याला हे मागण्यात काही वावगं वाटत नाही. एकाच बाजूचा झूम केलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढलेला फोटो आणि "जसं आहे तसं, परत नाही" ही अट एकत्र दिसली तर मी ते नाणं सोडतो, कितीही मोहक असलं तरी.

किंमत ठरवताना कोणी किती मागतंय त्याकडे पाहू नका, तसं नाणं खरोखर कितीला विकलं गेलं ते पाहा. या दोन आकड्यांमध्ये अनेकदा काही संबंधच नसतो.

महाग नाणं असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या तपासणी संस्थेच्या सीलबंद डबीत असलेलं घ्या. पहिली १९८६ पासून आणि दुसरी १९८७ पासून हे काम करते. पण डबी पाहूनही डोळे मिटू नका. डब्यांच्याही नकला होतात. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाका, तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडा-ओरखडा जुळवा, आणि चिठ्ठीवर एररचं नाव स्पष्ट लिहिलं आहे का ते वाचा. नुसतं वर्ष आणि दर्जा लिहिलेला असेल तर संस्थेने एरर मान्य केलेली नाही.

नाणं हातात आल्यावर त्याच दिवशी वजन, व्यास आणि चुंबकाची चाचणी पुन्हा करा, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी. काठाने धरा. साबण, चिंच, टूथपेस्ट, पॉलिश, काहीही लावू नका. घासलेल्या नाण्यावरची चमक गेली की ग्रीसचा छाप खरा होता की खरवडलेला, हे तज्ज्ञालाही ओळखता येत नाही. मग एका कागदावर तारीख, वजन, व्यास आणि "कोणत्या टप्प्यावर, कशी" हे ते एक वाक्य लिहा, आणि तो कागद नाण्याच्या पाकिटासोबत ठेवा.